नळी, दिवस आणि संसर्ग : उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यातील रुग्णांच्या संदर्भात

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या शरीरात ज्या वाटांनी सलाईन, रक्त आणि औषधे आत सोडली जातात किंवा लघवी बाहेर काढली जाते, त्याच वाटांनी जंतूंनाही प्रवेश मिळतो, आणि मूळ आजार आटोक्यात येत असतानाच रुग्णाला दुसराच, रुग्णालयातच लागलेला आजार गाठतो. दाखल होताना जो संसर्ग शरीरात नव्हता आणि जो साधारणपणे 48 तासांनंतर प्रकट झाला, त्याला रुग्णालयजन्य संसर्ग म्हणतात. त्याचे दोन प्रकार नळीशी थेट जोडलेले आहेत. पहिला लघवीच्या नळीमुळे होणारा मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि दुसरा मोठ्या शिरेत घातलेल्या नळीमुळे, म्हणजे सेंट्रल लाइनमुळे, होणारा रक्तप्रवाहाचा संसर्ग. पहिला अधिक वेळा आढळतो, दुसरा अधिक जीव घेतो, आणि दोन्ही मोठ्या प्रमाणात टाळता येतात.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील तीन शहरे या विषयाच्या अभ्यासाला वेगळे परिमाण देतात. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या 5 लाखांच्या वर, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर आणि कुळगाव-बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती, आणि त्यानंतर विशेषतः बदलापूर झपाट्याने वाढले. या पट्ट्यातील गंभीर रुग्ण सहसा एकाच खाटेवर बरा होत नाही. बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय, अंबरनाथचे डॉ. बी. जी. छाया रुग्णालय किंवा जवळचे एखादे खाजगी नर्सिंग होम, तेथून उल्हासनगर कॅम्प 3 मधील मध्यवर्ती रुग्णालय, तेथून गरज पडल्यास कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा मुंबईतील शीव, केईएम वा जे. जे., आणि शेवटी पुन्हा घर, अशा टप्प्यांनी त्याचा प्रवास होऊ शकतो. या प्रवासात नळी रुग्णासोबत जाते, परंतु ती कोणी, कधी आणि कशासाठी घातली याची नोंद सोबत जातेच असे नाही. नळीच्या संसर्गाचा धोका मुख्यतः दिवसांवर अवलंबून असल्यामुळे ही हरवलेली नोंद वैद्यकीयदृष्ट्या दिसते त्यापेक्षा बरीच महत्त्वाची आहे.

धोका दिवसांवर का अवलंबून असतो, हे समजण्यासाठी नळीच्या पृष्ठभागावर काय घडते ते पाहावे लागते. रबर, सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनची नळी शरीरात गेल्यावर काही तासांतच तिच्यावर शरीरातील प्रथिनांचा पातळ लेप बसतो, त्यावर जंतू चिकटतात, विभागून वाढतात आणि स्वतःभोवती शर्करांचा चिकट थर तयार करतात. या थराला जैवपटल किंवा बायोफिल्म म्हणतात. बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आतल्या बाजूस हाताला लागणारा बुळबुळीत थर हाही जैवपटलच असतो. नळीवरच्या जैवपटलात दडलेल्या जंतूंपर्यंत शरीरातील पांढऱ्या पेशी नीट पोहोचत नाहीत, आणि तेथे सुस्तावस्थेत असलेल्या जंतूंवर प्रतिजैविकांचाही, म्हणजे अँटिबायोटिक औषधांचाही, पुरेसा परिणाम होत नाही. त्यामुळे औषध चालू असताना ताप उतरतो, औषध थांबताच पुन्हा चढतो, आणि अनेकदा नळी काढल्याशिवाय तो चढउतार थांबत नाही. नळी आहे तोवर ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक चालू ठेवण्याची जी सवय आढळते, तिच्यामुळे संसर्ग टळत नाही. संसर्ग जेव्हा होतो तेव्हा तो त्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचा होतो, एवढाच काय तो फरक पडतो.

लघवीच्या नळीचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. आज जगभर वापरली जाणारी, टोकाशी फुगा असलेली आणि म्हणून मूत्राशयात आपोआप टिकून राहणारी नळी अमेरिकन शल्यविशारद फ्रेडरिक फोली यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती 1930 च्या दशकात प्रचारात आली. सुरुवातीच्या काळात तिचे बाहेरचे टोक खाटेखालच्या उघड्या भांड्यात सोडलेले असे, आणि अशा व्यवस्थेत चार दिवसांच्या आत बहुतेक सर्व रुग्णांच्या लघवीत जंतू सापडत. नळी आणि पिशवी यांची एकसंध बंद जोडणी केल्यास हे बरेच लांबवता येते, हे कॅल्विन कुनिन आणि रेजिना मॅककॉर्मॅक यांनी 1966 साली दाखवून दिले. बंद व्यवस्थेतही लघवीत जंतू येण्याची शक्यता दररोज साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढत जाते आणि महिन्याभराने जवळजवळ प्रत्येक नळीधारकाच्या लघवीत जंतू असतात. बंद व्यवस्था म्हणजे मुदतवाढ, एवढेच तिचे स्वरूप आहे, आणि तीही व्यवस्था खरोखर बंद राहिली तरच मिळते.

जंतू मूत्राशयात दोन मार्गांनी पोहोचतात. मूत्रद्वाराजवळच्या त्वचेवरचे, मुख्यतः रुग्णाच्याच आतड्यातून आलेले जंतू नळीच्या बाहेरच्या बाजूने वर सरकतात, तर पिशवीत किंवा जोडणीत शिरलेले जंतू नळीच्या आतून उलटे चढतात. बाहेरचा मार्ग पूर्ण बंद करणे शक्य नसले तरी नळी घालताना निर्जंतुक हातमोजे व साहित्य वापरणे, बारीकात बारीक पुरेशी नळी निवडणे, ती मांडीला किंवा पोटाला चिकटपट्टीने नीट बांधून तिचे आतबाहेर सरकणे थांबवणे आणि रोज साबणपाण्याने साधी स्वच्छता ठेवणे यांनी तो अरुंद करता येतो. मूत्रद्वारापाशी दररोज जंतुनाशक मलम लावण्याने अधिकचा लाभ झाल्याचे सिद्ध झालेले नाही. आतला मार्ग मात्र सर्वस्वी माणसांच्या हातात आहे, आणि त्यातील चुका वॉर्डात डोळ्यांसमोर घडत असतात. पिशवी सतत मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकता लटकलेली असावी लागते. खाटेला हूक नसला की ती फरशीवर येते आणि तिची खालची तोटी पुसण्याच्या पाण्यात भिजते. तपासणीसाठी नमुना हवा म्हणून नळी पिशवीपासून सोडवली की बंद व्यवस्था त्या क्षणी उघडी होते, आणि म्हणून नमुना नळीवरच्या ठरावीक जागेतून, ती जागा निर्जंतुक करून, सुईविरहित सिरिंजने घ्यावा असा नियम आहे. सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे लघवी मोजण्याचे भांडे. मापाच्या एकाच जगमध्ये ओळीने सहा रुग्णांच्या पिशव्या रिकाम्या केल्या आणि प्रत्येक वेळी तोटी त्या जगच्या काठाला लागली, तर पहिल्या खाटेवरचा जंतू सहाव्या खाटेपर्यंत पोहोचायला एक पाळी पुरते. दर खाटेस वेगळे भांडे ही फारच स्वस्त उपाययोजना आहे. ती राबत नाही याचे कारण पैशापेक्षा मनुष्यबळात आणि सवयीत शोधावे लागते, कारण पिशवी रिकामी करण्याचे काम अनेक ठिकाणी नातेवाइकावर किंवा वॉर्डातल्या मामा-मावशींवर पडते, आणि त्यांना हे का महत्त्वाचे आहे ते कोणी सांगितलेले नसते.

रुग्ण हलवताना हाच धोका वाढतो. खाटेवरून स्ट्रेचरवर आणि स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत घेताना सोयीसाठी लघवीची पिशवी रुग्णाच्या पोटावर किंवा पायांच्या मध्ये ठेवली जाते, पिशवी मूत्राशयाच्या वर जाते आणि तासन्‌तास साचलेली, जंतूंनी भरलेली लघवी नळीतून मूत्राशयात परतते. काही पिशव्यांना उलट प्रवाह रोखणारी झडप असते, परंतु ती पिशवीच्या तोंडाशी असल्याने नळीतल्या लघवीला तिचा अटकाव नसतो. महाराष्ट्रात 2014 पासून सुरू असलेल्या 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा खाजगी गाडीने बदलापूरहून उल्हासनगर गाठणे हा छोटा प्रवास वाटतो, परंतु कळवा आणि मुंबईपर्यंतची वाट, त्यातली वाहतूककोंडी आणि दर टप्प्यावर होणारी उचलठेव लक्षात घेतली, तर एकाच दिवसात ही चूक चार-पाच वेळा घडण्यास वाव असतो. निघण्यापूर्वी पिशवी रिकामी करणे आणि स्ट्रेचरच्या कडेला खालच्या बाजूस ती अडकवणे, एवढ्याने ती टळते.

तथापि संसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय नळी न घालणे किंवा वेळेवर काढणे हाच आहे. लघवी तुंबणे, अत्यवस्थ रुग्णाची ताशी लघवी मोजण्याची गरज, काही शस्त्रक्रिया, माकडहाडापाशी झालेली खोल जखम लघवीने भिजू न देणे, आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात रुग्णाला आराम देणे, अशी नळीची कारणे मोजकीच आहेत. अंथरुण ओले होते, रुग्ण वृद्ध आहे, पाळीत परिचारिका दोनच आहेत, ही कारणे समजण्यासारखी असली तरी वैद्यकीय नाहीत. पुरुषांमध्ये बाहेरून बसवायची निरोधासारखी नळी, तर मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर ठरावीक वेळाने नळी घालून लगेच काढण्याची पद्धत हे पर्याय उपलब्ध आहेत. ही दुसरी पद्धत जॅक लॅपिडेस यांनी 1972 मध्ये मिशिगनमध्ये मांडली, आणि त्या वेळी ती निर्जंतुक नसून केवळ स्वच्छ असल्यामुळे अनेकांना धक्कादायक वाटली होती. नळी राहून जाण्यामागे बहुतेकदा निर्णय नसतो, विस्मरण असते. संजय सेंट आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील पाहणीत आपल्या रुग्णाला लघवीची नळी आहे हेच माहीत नसलेल्या डॉक्टरांचे प्रमाण एकूण 28 टक्के होते, आणि पदाने जितका वरिष्ठ तितकी ही अनभिज्ञता अधिक होती. चादरीखाली असलेली नळी रुग्णाला आणि परिचारिकेला ठाऊक असते, राउंड घेणाऱ्याला नसते. म्हणून ‘नळी आजही हवी आहे का’ हा प्रश्न रोज सकाळी विचारण्याचा आणि उत्तर नकारार्थी असल्यास परिचारिकेने स्वतःच ती काढण्याचा अधिकार अनेक रुग्णालयांनी लेखी देऊन टाकला. ज्या संस्थांत परिचारिकेने डॉक्टरला आठवण करून देणे हा आगाऊपणा मानला जातो, तेथे हा उपाय कागदावरच राहतो.

सेंट्रल लाइनचे प्रकरण अधिक गंभीर आहे. हातावर लावलेली, बोलीत ‘व्हेनफ्लॉन’ म्हटली जाणारी छोटी सुई वरवरच्या शिरेत असते, तर सेंट्रल लाइन मानेतल्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेतून आत जाऊन हृदयाजवळ पोहोचते. रक्तदाब टिकवणारी तीव्र औषधे, शिरेतून द्यायचे पोषण, डायलिसिस यांसाठी ती अपरिहार्य असते. हृदयापर्यंत नळी नेता येते हे 1929 मध्ये जर्मनीतील तरुण डॉक्टर वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी घालून सिद्ध केले, त्याबद्दल त्यांना प्रथम नोकरीत त्रास आणि 1956 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वाटेने औषध काही सेकंदांत हृदयात पोहोचते, त्या वाटेने जंतूलाही तेवढाच वेळ लागतो, हा या शोधाचा दुसरा चेहरा पुढच्या काही दशकांत स्पष्ट झाला.

या संसर्गाकडे पाहण्याची दृष्टी बदलली ती अमेरिकेतील मिशिगन राज्यात 2004 नंतर झालेल्या कामामुळे. जॉन्स हॉपकिन्सचे भूलतज्ज्ञ पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तोवर माहीत असलेल्या अनेक सूचनांतून पाचच निवडल्या : हात निर्जंतुक करणे, टोपी, मास्क, निर्जंतुक गाउन व हातमोजे घालून रुग्णाला डोक्यापासून पायांपर्यंत निर्जंतुक कापडाने झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडीनने स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतली शिर टाळणे, आणि गरज संपताच नळी काढणे. 103 अतिदक्षता विभागांतून गोळा झालेल्या आणि डिसेंबर 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार दर 1000 नळी-दिवसांमागे संसर्गाचे सरासरी प्रमाण 7.7 वरून दीड वर्षात 1.4 वर आले, आणि निम्म्याहून अधिक विभागांत तिमाहीच्या तिमाही एकही संसर्ग झाला नाही. पाचांपैकी एकही सूचना नवी नव्हती. नवे होते ते हे की एखादी पायरी गाळली गेल्यास शेजारी उभी असलेली परिचारिका डॉक्टरला थांबवू शकत होती आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभे राहत होते. त्याखेरीज गाउन, कापड, क्लोरहेक्सिडीन हे सर्व एका ट्रॉलीवर एकत्र ठेवल्यामुळे साहित्य शोधण्याची आणि त्यामुळे पायरी गाळण्याची सबब उरली नाही. यशाचे श्रेय बहुधा यादीला दिले जाते. ते या अधिकाराला आणि त्या ट्रॉलीला देणे अधिक योग्य ठरेल.

नळी उत्तम रीतीने घातली तरी त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी ती डझनभर वेळा हाताळली जाते. पहिल्या आठवड्यातले संसर्ग प्रामुख्याने त्वचेवरून, तर नंतरचे प्रामुख्याने जोडणीच्या तोंडातून येतात. या तोंडाला हब म्हणतात, आणि प्रत्येक इंजेक्शनपूर्वी ते 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने 5 ते 15 सेकंद चोळून वाळू द्यावे लागते. नुसते पुसल्यासारखे करण्याला अर्थ नसतो. त्वचेवरचे पारदर्शक ड्रेसिंग सात दिवसांनी आणि गॉजचे दोन दिवसांनी बदलावे, परंतु ते ओले, सैल किंवा मळलेले दिसल्यास त्याच क्षणी बदलावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. हे ‘परंतु’ उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या दमट हवेत फार महत्त्वाचे ठरते, कारण जून ते सप्टेंबरच्या घामेजल्या दिवसांत मानेवरचे चिकट ड्रेसिंग सात दिवस टिकेल अशी अपेक्षा ठेवणे धाडसाचे आहे.

भारतीय वॉर्डांत आढळणारी आणखी एक पद्धत येथे तपशिलाने पाहण्यासारखी आहे. अर्धवट कडक प्लास्टिकच्या सलाईनच्या बाटलीतून द्रव वाहण्यासाठी आत हवा जावी लागते, आणि ती जावी म्हणून बाटलीच्या वरच्या भागात एक सुई खुपसून ठेवली जाते. त्या सुईतून वॉर्डाची न गाळलेली हवा आणि सुई टोचणाऱ्याच्या बोटांवरचे जंतू थेट द्रवात जातात, आणि काही जातींचे जंतू सलाईनमध्ये, विशेषतः ग्लुकोज असलेल्या सलाईनमध्ये, खोलीच्या तापमानाला वाढू शकतात. द्रव गढूळ दिसेपर्यंत त्यात प्रत्येक मिलिलिटरमागे लाखो जंतू झालेले असतात, म्हणून डोळ्यांनी पाहून बाटली चांगली ठरवणे निरुपयोगी आहे. हवेची गरज नसलेल्या, आपोआप आक्रसणाऱ्या पिशव्या वापरल्यास रक्तप्रवाहाचे संसर्ग लक्षणीय घटतात, हे व्हिक्टर रोझेन्थाल आणि डेनिस माकी यांनी अर्जेंटिनातील अभ्यासातून 2004 मध्ये दाखवले. टेबलावर ठेवलेल्या एकाच बाटलीतून दिवसभर सर्व रुग्णांच्या नळ्या धुण्यासाठी सलाईन ओढून घेणे हे त्याच चुकीचे दुसरे रूप आहे, आणि त्यातून होणारा संसर्ग एका रुग्णापुरता थांबत नाही.

हात स्वच्छ करण्याचा मुद्दा सर्वांना पाठ असतो, म्हणून त्याविषयी थोडक्यातच सांगणे पुरे. साबणपाण्याने नीट हात धुण्यास 40 ते 60 सेकंद लागतात, अल्कोहोलयुक्त द्रवाने 20 ते 30 सेकंद. जिनिव्हात दिदिए पिते यांनी हा द्रव वॉशबेसिनजवळ न ठेवता रुग्णाच्या खाटेपाशी आणला, आणि 1994 ते 1997 या काळात हात स्वच्छ करण्याचे प्रमाण 48 टक्क्यांवरून 66 टक्क्यांवर गेले. पाणीकपातीची सवय असलेल्या पट्ट्यात हा उपाय दुहेरी सोयीचा आहे, कारण तो नळाच्या पाण्यावर अवलंबून नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र, म्हणजे 80 टक्के इथेनॉल, 1.45 टक्के ग्लिसरॉल आणि 0.125 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, रुग्णालयाचा औषधविभागही बनवू शकतो. दिसण्याइतपत मळलेले हात आणि काही जुलाबाचे जंतू यांच्यासाठी मात्र साबणपाणीच लागते.

या साऱ्या उपायांनी काही साधते आहे की नाही, हे कळण्यासाठी मोजमाप लागते, आणि येथे छोट्या रुग्णालयांची खरी अडचण सुरू होते. संसर्गाचे प्रमाण रुग्णांमागे न काढता नळी-दिवसांमागे काढतात. समजा एका नर्सिंग होमच्या आठ खाटांच्या अतिदक्षता विभागात रोज सरासरी चार रुग्णांना सेंट्रल लाइन असते, तर 30 दिवसांच्या महिन्यात 120 नळी-दिवस होतात. त्या महिन्यात एक संसर्ग झाला तर प्रमाण 8.3 येते, एकही झाला नाही तर शून्य. दोन्ही आकडे एका महिन्यापुरते जवळजवळ अर्थहीन आहेत. निदान वर्षभराची बेरीज केली तरच कल दिसतो. त्याहून मोठा प्रश्न असा की रक्तप्रवाहाचा संसर्ग ठरवण्यासाठी रक्तसंवर्धन, म्हणजे ब्लड कल्चर, करावे लागते : अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी, दोन वेगवेगळ्या जागांवरून, प्रौढांत दर बाटलीस 8 ते 10 मिलिलिटर रक्त घेऊन. ताप येताच भारी अँटिबायोटिक सुरू करायचे आणि कल्चर पाठवायचेच नाही, अशी जेथे रीत असेल तेथे संसर्गाचे प्रमाण कायम शून्य निघेल. शून्य हा आकडा त्यामुळे अभिमानाने सांगण्याआधी किती कल्चर पाठवले गेले ते विचारणे आवश्यक ठरते. लघवीच्या बाबतीत चूक उलट दिशेची असते. ताप नाही, दुखणे नाही, तरीही नळी असलेल्या रुग्णाची लघवी तपासली जाते, जंतू सापडतातच, आणि ज्याला उपचाराची गरज नव्हती त्याला औषध दिले जाते.

देशपातळीवर दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र यांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या जाळ्यातून हे मोजमाप सुरू आहे. त्यातील 54 रुग्णालयांच्या 200 अतिदक्षता विभागांतील, 2017 ते 2024 या काळातील नोंदींनुसार दर 1000 नळी-दिवसांमागे रक्तप्रवाहाच्या संसर्गाचे प्रमाण 8.83 होते. हे प्रमाण मोठ्या, मुख्यतः शिक्षणसंलग्न आणि स्वतःहून मोजण्यास तयार झालेल्या रुग्णालयांचे आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. याच जाळ्याच्या आधीच्या, 2017-18 च्या आकडेवारीत रक्तातील जंतूंपैकी साधारण एक चतुर्थांश क्लेब्सिएला जातीचे होते, आणि त्यांतील जवळपास तीन चतुर्थांश कार्बापेनेम या राखीव मानल्या जाणाऱ्या औषधगटाला दाद देत नव्हते. हा प्रश्न मुंबई परिसराला नवा नाही. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी 2010 च्या मार्चमध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात ऑगस्ट ते नोव्हेंबर 2009 मधील 24 कार्बापेनेमरोधी जंतूंपैकी 22 मध्ये एनडीएम-1 हे औषध निकामी करणारे विकर असल्याचे नोंदवले होते, आणि त्यांचे टिपण याच विषयावर जगभर वादळ उठवणाऱ्या ब्रिटिश नियतकालिकातील लेखाच्या काही महिने आधीचे होते.

जंतू असे औषधांना पुरून उरू लागल्यावर एका शहरातील वॉर्डातला जंतू दुसऱ्या शहरातील वॉर्डात नेणारा दुवा म्हणून नळीसह हलवला जाणारा रुग्ण विशेष लक्ष मागतो. उल्हासनगरला ज्या रुग्णाची सेंट्रल लाइन घाईगडबडीत, पूर्ण निर्जंतुक आवरणाशिवाय घालावी लागली, त्याची ती नळी 48 तासांच्या आत काढून गरज असल्यास दुसरी घालावी असा संकेत आहे. परंतु ती कोणत्या परिस्थितीत घातली गेली हे शीवच्या किंवा कळव्याच्या डॉक्टरला कळले तरच तो पाळता येतो. पाठवणीच्या चिठ्ठीत निदान, रक्तदाब आणि दिलेली औषधे असतात. नळी कोणती, कोठे, कोणत्या तारखेला, कशा परिस्थितीत घातली आणि कल्चर पाठवले असल्यास कोणत्या प्रयोगशाळेत, ही पाच उत्तरे त्यात आली तर पुढच्या रुग्णालयाचा निम्मा तर्क वाचतो. कल्चरचा अहवाल यायला दोन ते पाच दिवस लागतात आणि तोवर रुग्ण दुसऱ्या शहरात पोहोचलेला असतो. अहवाल जुन्या रुग्णालयाच्या फायलीत लागतो आणि नव्या रुग्णालयात अंदाजाने उपचार चालू राहतात.

घरी परतलेल्या रुग्णाची स्थिती याहून नाजूक असते. पक्षाघातानंतर किंवा पुरस्थ ग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या, त्रासामुळे लघवीची नळी घेऊन घरी गेलेल्या वृद्धाची देखभाल घरातल्यांवर येते, आणि उल्हासनगरच्या बराकीतल्या एका खोलीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर नळी बदलायला ओळखीतला कंपाउंडर येतो. साधी रबरी नळी किती दिवस चालते, सिलिकॉनची किती, नळी तुंबल्यास काय करायचे, थंडी वाजून ताप आल्यास कोणाकडे जायचे, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत, आणि उल्हासनगरमध्ये सिंधी-हिंदी बोलणाऱ्या घरांसाठी हिंदीतही, लिहिलेले असणे आवश्यक आहे. वापरलेली नळी आणि युरोबॅग रुग्णालयात असताना 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार लाल पिशवीत जातात, घरी मात्र त्या सहसा ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यातच पडतात. डायलिसिसच्या रुग्णांचा उल्लेखही येथे करायला हवा, कारण आठवड्यातून दोन-तीनदा रक्तप्रवाह उघडला जाणारा हा गट मोठा आहे. मानेतली तात्पुरती नळी महिनोन्‌महिने तशीच ठेवण्याऐवजी हातातील शिर व धमनी जोडून केलेली फिस्टुला हा कितीतरी कमी संसर्गाचा मार्ग असतो, परंतु ती तयार होण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि म्हणून मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याआधीच तिचा विचार करावा लागतो.

2024 मध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली. वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग अनिवार्य असतो, आणि त्या विभागाने महाविद्यालयाच्या स्वतःच्या खाटांबरोबरच बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयापासून उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयापर्यंतचे कल्चर स्वीकारले, त्यांचे अहवाल रुग्ण पुढे जेथे गेला तेथे फोनवर कळवले आणि वर्षाकाठी या पट्ट्यात कोणते जंतू कोणत्या औषधाला जुमानत नाहीत याचा तक्ता स्थानिक डॉक्टरांना दिला, तर आज अंदाजावर चालणाऱ्या अँटिबायोटिकच्या निवडीला प्रथमच स्थानिक आधार मिळेल. त्यासाठी लागणारी बाटली, उबवणी यंत्र आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचा खर्च एका सेंट्रल लाइनच्या संसर्गाने रुग्णाच्या अतिदक्षता विभागातील मुक्कामात जी भर पडते, तिच्या शेजारी ठेवून पाहावा लागेल.